रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ : सुती कापडासाठीच्या काळ्या रंगाचे परीक्षण

सुती कापडाला पक्का काळा रंग देणे हे रंगकामातील अवघड काम आहे, कारण फिकट पिवळ्यात किंवा गुलाबीत झाकले जाणारे दोष काळ्यात लगेच उघडे पडतात. पहिल्याच धुण्यात पाणी काळे होते, घामाने गळ्यापाशी डाग पडतो, आणि काही महिन्यांच्या वापरानंतर काळा रंग विटून राखाडीवर येतो. नाशिकमध्ये बांधणीचे दुपट्टे आणि मलमलीच्या ओढण्या रंगवण्याचे माझे लहानसे काम आहे. या कामासाठी मी जे काळे रंग वापरून पाहिले, त्यांपैकी रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या कृत्रिम ॲझो रंगाबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले. कापडावरील त्याचे काम उत्तम आहे आणि किंमत परवडणारी आहे. तरीही त्याची कोरडी भुकटी हाताळताना आणि रंगवून उरलेले पाणी टाकताना जी काळजी घ्यावी लागते, तिच्याविषयी किरकोळ बाजारातील पाकिटावर एक अक्षरही नसते. या रंगाचे परीक्षण करायचे तर या दोन बाबींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आधी ओळखीविषयी. जुन्या नाशकातील बाजारपेठेत हा रंग बहुधा ‘ब्लॅक बी’ या नावाने सुटा विकला जातो आणि त्याच्यापुढे १३३ टक्के किंवा १५० टक्के असा आकडा लावलेला असतो. हा आकडा शुद्धतेचा नव्हे. ठरावीक प्रमाण-रंगाच्या तुलनेत भुकटी किती गडद आहे, एवढेच तो सांगतो. विक्रीच्या भुकटीत रंगद्रव्याबरोबर मीठ किंवा सोडियम सल्फेटही मिसळलेले असते, म्हणून दोन दुकानांतील एकाच वजनाच्या पाकिटांतून वेगवेगळी छटा येऊ शकते. खात्रीची ओळख क्रमांकाने होते : कलर इंडेक्स या रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या रंगाचा रचना-क्रमांक २०५०५ आहे आणि त्याचा कॅस क्रमांक, म्हणजे रसायनांच्या जागतिक नोंदणीतील क्रमांक, १७०९५-२४-८ आहे. मी ज्या दुकानात हा क्रमांक विचारला, तेथे “ताई, काळा म्हणजे काळा, त्यात काय एवढं बघायचं?” असे उत्तर मिळाले. परंतु बघण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. त्याच फळीवर डायरेक्ट काळा असतो, गंधकापासून बनवलेला सल्फर काळा असतो आणि निरनिराळे रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग एकत्र करून बनवलेली काळ्याची मिश्रणेही असतात. डायरेक्ट काळा नुसत्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पटकन चढतो आणि तितक्याच सहजपणे धुण्यात सुटतो. सल्फर काळा स्वस्त आणि धुण्याला चांगला असला, तरी त्याला सोडियम सल्फाइडचे द्रावण लागते. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास आणि त्यामागचा विषारी वायू घरगुती जागेत परवडणारा नाही.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या दोहोंपेक्षा वेगळा ठरतो तो त्याच्या रेणूच्या रचनेमुळे. मध्यभागी नॅप्थलिनपासून बनलेला भाग असतो, ज्याला रंगधंद्यात एच-आम्ल म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या दोन-दोन अणूंचा दुहेरी बंध, म्हणजेच ॲझो बंध असतो. प्रत्येक ॲझो बंधाच्या पलीकडे एक बेंझीन वलय आणि त्याच्या टोकाला कापडाशी जोडला जाणारा गट असतो. रेणुभार जवळजवळ ९९२ आहे आणि चार सोडियम-क्षार गटांमुळे हा एवढा मोठा रेणू पाण्यात सहज विरघळतो. पाणी अल्कधर्मी झाले की टोकाच्या गटातील सल्फेट निघून जाते, तेथे व्हिनाइल सल्फोन नावाचा चपळ गट तयार होतो आणि तो कापसाच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतो. डायरेक्ट रंग धाग्यात नुसता अडकून बसतो. हा रंग धाग्याचाच भाग होतो. शिवाय या रेणूला असे दोन गट असल्यामुळे एक गट निकामी झाला तरी दुसरा धाग्याशी जुळू शकतो, आणि हे या रंगाच्या चांगल्या पकडीचे एक मोठे कारण आहे.

ॲझो रंगांचा पाया १८५८ मध्ये पीटर ग्रीस यांनी शोधलेल्या डायझो अभिक्रियेत आहे. मात्र सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग बाजारात येण्यासाठी १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने रॅटी आणि स्टीफन यांच्या संशोधनावर आधारलेले पहिले रिॲक्टिव्ह रंग विक्रीस आणले. त्यानंतर लवकरच जर्मनीच्या होक्स्ट कंपनीने व्हिनाइल सल्फोन गटाचे रंग आणले, आणि आपण ज्याला ब्लॅक बी म्हणतो तो रंग त्याच कुळातील आहे. आज वापी, अंकलेश्वर, अहमदाबाद या पट्ट्यात रंगरसायनांचे मोठे उत्पादन होते आणि हा रंग भारतात सहज उपलब्ध आहे.

आता प्रत्यक्ष वापर. शंभर ग्रॅम धुतलेल्या, खळ पूर्णपणे काढलेल्या सुती कापडाला गडद काळ्यासाठी सात ग्रॅम भुकटी, दोन लिटर पाणी, १६० ग्रॅम मीठ आणि ४० ग्रॅम धुण्याचा सोडा असे प्रमाण मला योग्य वाटले. मीठ साधे चालते, पण ते बारीक आणि स्वच्छ असावे. रंग आधी थोड्या पाण्यात कालवून मग भांड्यात घालावा, ओले कापड त्यात सोडावे, मीठ दोन-तीन हप्त्यांनी घालत पाणी हळूहळू साठ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे आणि अर्ध्या तासानंतर सोडा वेगळा विरघळवून तोही हप्त्यांनीच घालावा. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलते आणि सोडा त्याला धाग्याशी जोडतो. म्हणून सोडा आधी घातला, तर रंग धाग्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पाण्याशी अभिक्रिया करून निकामी होतो. सोडा घातल्यानंतर पाऊण ते एक तास तापमान साठ अंशांवर टिकवावे लागते. त्यासाठी स्वयंपाकात कधीही न वापरला जाणारा वेगळा तापमापक आणि वेगळे स्टीलचे पातेले ठेवणे अत्यावश्यक आहे. ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, कारण सोडा त्याला खातो.

पाण्याचा प्रश्न नाशिकमध्ये दोन प्रकारचा आहे. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी या कामासाठी चांगले आहे. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोड्याशी मिळून पांढरा साका तयार करतात, तो कापडावर बसतो आणि काळ्यावर खडूसारखी झाक येते. ज्यांच्याकडे केवळ बोअर आहे त्यांनी पाणी मृदू करणारे सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट अगदी अल्प प्रमाणात रंगाच्या आधी घालावे, म्हणजे हा दोष पुष्कळ कमी होतो.

रंगवल्यानंतरचे धुणे ही या रंगाची खरी कसोटी आहे, आणि घाई नेमकी येथेच केली जाते. धाग्याशी न जुळलेला, पाण्याशी अभिक्रिया करून बसलेला रंग कापडात शिल्लक असतो. तो थंड पाण्याने निघत नाही आणि कपडा वापरात आल्यावर शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. म्हणून आधी थंड पाण्याने, मग थोड्या व्हिनेगरच्या पाण्याने, त्यानंतर साबण घालून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे आणि शेवटी गरम पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे लागते. एकाच पातेल्यातील दोन तुकड्यांपैकी एक असा उकळून धुतला आणि दुसरा केवळ थंड पाण्याने खंगाळला, मग दोहोंना पांढरी मलमल टाचून पुन्हा धुऊन पाहिले, तेव्हा पहिल्याची मलमल पांढरीच राहिली आणि दुसऱ्याची स्पष्टपणे करडी-निळी झाली. रंग कच्चा निघाला अशी तक्रार जेथे येते, तेथे दोष पुष्कळदा धुण्याचा असतो.

छटेबद्दल स्पष्टपणे सांगायला हवे, कारण नवख्याचा अपेक्षाभंग येथेच होतो. या रंगाचे पाण्यातील द्रावण सुमारे ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे नारिंगी प्रकाश सर्वाधिक शोषते, त्यामुळे पातळ द्रावण निळे दिसते. शंभर ग्रॅम कापडाला एक ग्रॅम रंग वापरला, तर काळ्याऐवजी सुंदर, गंभीर असा गडद निळा रंग मिळतो. मी तो मुद्दाम त्यासाठीच वापरते आणि माझ्या मते हा या पाकिटाचा दुर्लक्षित गुण आहे. सात-आठ ग्रॅमला रंग काळा होतो, पण उन्हात धरल्यास त्यात निळसर झाक राहतेच. सणासुदीला नेसायच्या चंद्रकळेसारखा निखळ, खोल काळा हवा असेल तर त्यात त्याच कुळातील नारिंगी रंग मिसळावा लागतो. चार-पाच भाग काळ्याला एक भाग नारिंगी हे प्रमाण माझ्या हाती चांगले बसले. बाजारातील ‘डीप ब्लॅक’ किंवा ‘सुपर ब्लॅक’ मिश्रणे याच तत्त्वावर बनवलेली असतात. ती सोयीची असली तरी त्यांत नेमके कोणते रंग आहेत हे कळत नाही, म्हणून मी सुटे रंग घेऊन स्वतः मिसळणे पसंत करते.

कापडानुसारही फरक पडतो. मलमल, पॉपलीन, मांजरपाट या सर्वांवर रंग समान बसतो. मर्सराइज केलेल्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेल्या सुतावर आणि व्हिस्कोसवर तो अधिक खोल दिसतो. पॉलिएस्टरवर तो अजिबात चढत नाही, त्यामुळे तयार सुती कुर्ता रंगवायला घेतल्यास शिवणीचा पॉलिएस्टर दोरा पांढराच राहतो आणि काळ्या कापडावर ठळक दिसतो. रेशमावर हा रंग चढू शकतो, परंतु सोड्याचे गरम पाणी रेशमाला सोसत नाही. त्यासाठी आम्लरंग योग्य, आणि आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीसारख्या वस्त्रावर घरी हा प्रयोग कोणीही करू नये. बांधणीसाठी साठ अंशांचे पाणी अडचणीचे नाही. बाटिकसाठी मात्र मी हा रंग सुचवणार नाही, कारण त्या तापमानाला मेण वितळू लागते. तेथे थंड पाण्यात चढणारे एम प्रकारचे रिॲक्टिव्ह रंग अधिक सोयीचे पडतात.

पक्केपणाची तपासणी मी साध्या साधनांनी केली. कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासल्यास काहीही उतरत नाही, ओल्या फडक्याने जोरात घासल्यास हलकी करडी छाप उमटते. गडद काळ्यात एवढे होतेच. अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर वैशाखाच्या उन्हात ठेवलेल्या तुकड्याच्या दोन भागांत थोडाच फरक दिसला. लिंबाच्या रसाने काहीही बिघडत नाही, कारण धाग्याशी जुळलेला हा बंध आम्लाला चांगला टिकतो. तीव्र अल्कलीपुढे मात्र तो तुलनेने दुबळा आहे. म्हणून सोड्याचे प्रमाण अधिक असलेल्या स्वस्त धुण्याच्या भुकटीत आणि खूप गरम पाण्यात असे कपडे वारंवार भिजवू नयेत. क्लोरिनपुढे तर त्याचा टिकाव लागत नाही. पांढऱ्या कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ब्लीचचा एक थेंब पडला की तेथे पिवळट-तपकिरी ठिपका उमटतो आणि तो पुन्हा जात नाही.

या रंगाचा आणखी एक उपयोग छपाईवाल्यांना ठाऊक आहे. काळ्या कापडावर रंगोलाइटसारख्या क्षपणकाची खळ ठशाने उमटवून वाफ दिली, तर त्या जागेचा काळा रंग निघून जातो आणि पांढरी नक्षी उरते. हे घडते कारण क्षपणक ॲझो बंध तोडतो आणि बंध तुटला की रंग उरत नाही. सुरक्षिततेचा सगळा विचार ज्या अभिक्रियेभोवती फिरतो ती हीच आहे, म्हणून ती लक्षात ठेवून पुढचा भाग वाचावा.

माझ्याकडे येणारे अनेक ग्राहक हल्ली कापड ‘ॲझो-फ्री’ आहे का असे विचारतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. ॲझो बंध तुटल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे वलयाला नायट्रोजनचा गट जोडलेली संयुगे म्हणून सुटे होतात. आतड्यातील आणि त्वचेवरील जिवाणूही हा बंध तोडू शकतात. त्यामुळे रंग धोक्याचा आहे की नाही, हे त्यातून कोणते अमाइन सुटते यावर पुष्कळ अंशी ठरते. १८८० च्या दशकात पॉल बॉटिगर यांनी बनवलेला काँगो रेड हा सुतावर थेट चढणारा पहिला ॲझो रंग बेंझिडीन या अमाइनापासून तयार झाला होता, आणि पुढे डायरेक्ट ब्लॅक ३८ सारखे अनेक काळे, तपकिरी, निळे रंग त्याच बेंझिडीनवर उभे राहिले. रंगकारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे जर्मन शल्यवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच लक्ष वेधले होते. बेंझिडीन आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत गणले जाते. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने अशा २२ अमाइनांची यादी ठरवली असून, त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात येणाऱ्या कापडात त्यांपैकी कोणतेही किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सुटता कामा नये. आपल्याकडेही पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बेंझिडीनवर आधारित ४२ रंगांवर आधीच बंदी आली होती आणि मार्च १९९७ च्या अधिसूचनेने आणखी ७० ॲझो रंगांची हाताळणी प्रतिबंधित झाली.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या बंदीत येत नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. त्याचे दोन्ही ॲझो बंध तुटले तर एकीकडे सल्फोनिक गट असलेले नॅप्थलिनचे अमाइन आणि दुसरीकडे रंगधंद्यात व्हिनाइल सल्फोन पॅरा-बेस म्हणतात त्या कुळातील अमाइन सुटते. बेंझिडीन त्यात कोठेही नाही, आणि हे दोन्ही तुकडे त्या २२ च्या यादीत नाहीत. ज्या कापडाला ‘ॲझो-फ्री’ प्रमाणपत्र मिळते, त्यात ॲझो रंग असूच शकत नाही असा समज चुकीचा आहे. ती चाचणी यादीतील अमाइनांची असते, आणि आपल्या कपाटातील अनेक रंगीत सुती कपड्यांत ॲझो रंगच असतात. व्यवस्थित धुतलेल्या कापडावर हा रंग धाग्याशी बांधलेला असल्याने नेसणाऱ्याच्या अंगाला तो फारसा सुटत नाही. कपड्यांतील रंगांमुळे होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीत अधिक वेळा डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ यांसारखे कृत्रिम धाग्यांवरचे रंग आढळतात. तेव्हा नेसणाऱ्यापुरते पाहिले तर मी हा रंग निःशंकपणे स्वीकारते. अर्थात यादीत नाही म्हणजे निरुपद्रवी, असा त्याचा अर्थ लावू नये, आणि विनालेबल पाकिटातील काळी भुकटी खरोखर हाच रंग आहे, याची हमी कोणीही देत नाही.

मला ज्याची खरी चिंता वाटते ती रंगवणाऱ्याची. जो गट सेल्युलोजशी जुळतो, तोच शरीरातील प्रथिनांशीही जुळू शकतो. बारीक भुकटी श्वासात गेली की ती श्वसनमार्गातील प्रथिनांना चिकटते, प्रतिकारशक्ती त्या जोडणीला परके समजते, आणि काही व्यक्तींत त्यातून ॲलर्जी आणि दमा उद्भवतो. वस्त्रोद्योगातील रंगखात्यांत रिॲक्टिव्ह रंगांचे वजन करणाऱ्या कामगारांमध्ये असा दमा १९७० च्या दशकापासून वैद्यकीय नोंदींत आहे, आणि ब्लॅक ५ हे त्यातील एक परिचित नाव आहे. उत्पादकांच्या सुरक्षा-पत्रकांत या रंगापुढे श्वसनाची आणि त्वचेची ॲलर्जी निर्माण करणारा असा स्पष्ट इशारा असतो. यातील गंभीर बाब अशी की एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अगदी नगण्य भुकटीनेही धाप लागू शकते, आणि मग ते काम सोडण्यावाचून उपाय उरत नाही. ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांनी कोरडी भुकटी हाताळूच नये.

त्यामुळे माझ्या कामाच्या जागेत काही नियम कटाक्षाने पाळले जातात. वजन करताना पंखा बंद असतो आणि तराजूखाली ओला वर्तमानपत्राचा कागद पसरलेला असतो. नाकावर एन ९५ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क असतो; रुमाल किंवा ओढणी गुंडाळून ही बारीक भुकटी अडत नाही. भुकटीवर पाणी हळूच सोडून आधी तिची लापशी केली जाते, कारण ओली झाल्यावर ती उडत नाही आणि धोक्याचा मोठा भाग तेथेच संपतो. हातांत लांब रबरी मोजे असतात. हाताला रंग लागलाच तर साबणाने धुऊन सोडून द्यावा, तो चार-पाच दिवसांत त्वचेबरोबर निघून जातो. डाग घालवण्यासाठी हात ब्लीचमध्ये बुडवणे त्वचेला अधिक घातक आहे. लहान मुलांना बांधणीच्या गाठी बांधायला अवश्य बसवावे, परंतु भुकटीच्या जवळ येऊ देऊ नये.

याच ओघात रंगपंचमीविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडींमुळे, म्हणजे रंग खेळण्याच्या जमिनीतील हौदांमुळे, हा सण येथे इतर गावांपेक्षा मोठा असतो आणि त्या दिवसांत रंगाच्या दुकानांत झुंबड उडते. कापडासाठीचा कोणताही रंग, मग तो पाण्यात कितीही छान विरघळत असो, अंगावर टाकण्यासाठी नाही. रिॲक्टिव्ह रंग तर मुळीच नाही. स्वयंपाकघरालाही हाच नियम लागू आहे. हळदीत आणि बेसनात भेसळीसाठी वापरला जाणारा मेटॅनिल यलो हाही ॲझो रंगच आहे, आणि खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही.

उरलेल्या पाण्याचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो, आणि या रंगाला माझ्याकडून पूर्ण गुण न मिळण्याचे ते मुख्य कारण आहे. रिॲक्टिव्ह रंगांचा बराच भाग धाग्याशी जुळत नाही. रंग आणि पद्धतीनुसार साधारण दहा ते चाळीस टक्के रंग पाण्यातच राहतो. एकदा सोडा घातल्यावर हा रंग निकामी होतो, त्यामुळे ते पाणी साठवून दुसऱ्या कापडाला वापरता येत नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपासही पाण्यात रंग डोळ्यांना दिसू शकतो, त्यावरून एका पातेल्यातील पाणी किती दूरवर रंग नेते याची कल्पना यावी. त्यात मीठ आणि सोडा यांचा भार वेगळाच. नाशिकचे सांडपाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथील केंद्रांकडे जाते. अशा केंद्रांतील जैविक प्रक्रिया घरगुती मैला हाताळण्यासाठी असते. पाण्यात सहज विरघळणारे आणि गाळाला न चिकटणारे हे रंग तिच्यातून बऱ्याच प्रमाणात तसेच बाहेर पडू शकतात. ऑक्सिजनविरहित गाळात ॲझो बंध तुटून पाणी फिकट झाले, तरी सुटलेली अमाइने मागे राहतात आणि त्यांच्यासाठी पुढे हवेशीर प्रक्रिया लागते. त्यामुळे हायड्रोस हे क्षपणक टाकून पाणी पांढरे केले म्हणजे ते शुद्ध झाले, ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे.

नासर्डी आणि वाघाडी गोदावरीलाच मिळतात, म्हणून हे पाणी नाल्यात किंवा उघड्या गटारात ओतणे म्हणजे ते थेट नदीत ओतणेच होय. लहान प्रमाणावर मी कमी पाण्यात रंगवते, एका पातेल्यात आधी काळा पूर्ण उतरवून घेते, आणि उरलेले पाणी चुना व हिराकस घालून रात्रभर ठेवते. त्यामुळे रंगाचा बराच भाग साका होऊन तळाशी बसतो. वरचे पाणी सक्रिय कोळशातून गाळून, भरपूर पाणी मिसळून भुयारी गटाराच्या जोडणीत सोडते. साका वाळवून घरच्या ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत न टाकता, रंगाच्या रिकाम्या पाकिटांसह बंद डब्यात वेगळा साठवते आणि घातक कचरा म्हणूनच देते. मिठाचा प्रश्न या पद्धतीने सुटत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. विक्रीसाठी नियमित रंगकाम करणाऱ्यांसाठी कापड रंगवण्याचा व्यवसाय लाल, म्हणजे अधिक प्रदूषणकारी उद्योगांच्या प्रवर्गात मोडतो आणि त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. काम वाढले की सामायिक सांडपाणी प्रक्रिया असलेल्या ठिकाणी काम करून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

माझे गुण असे : छटा आणि पक्केपणा यांसाठी पाचपैकी साडेचार, सोयीसाठी चार, हाताळणीच्या सुरक्षिततेसाठी अडीच, पाण्यावरील परिणामासाठी दीड. पाकिटाला मी शून्य देते, कारण किरकोळ विक्रीत रंगाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक, ॲलर्जीचा इशारा आणि मास्कची सूचना यांतील काहीही छापलेले नव्हते. मूळ पिंपावर हे सर्व असते. ते शंभर ग्रॅमच्या पाकिटापर्यंत पोहोचवणे पुन्हा भरणी करणाऱ्याला मुळीच अवघड नाही. म्हणून शक्य असेल तर उत्पादकाचे बंद पाकीट घ्यावे, दुकानदाराकडे सुरक्षा-पत्रक आणि प्रतिबंधित अमाइनांचा चाचणी-अहवाल मागावा, आणि तो मिळत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

प्रमाणाचा अंदाज म्हणून सांगते की, शंभर ग्रॅम भुकटीत सुमारे चौदाशे ग्रॅम कापड गडद काळे होते, म्हणजे दीडशे ग्रॅमचे साधारण नऊ दुपट्टे. एवढेच घ्यावे. ओलसर हवेत भुकटी गोळा होते आणि तिचा जोर कमी होतो, म्हणून उघडलेले पाकीट हवाबंद काचेच्या बरणीत, वर नाव आणि तारीख लिहून, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. पावसाळा उलटून गेलेली भुकटी वापरण्यापूर्वी लहानशा तुकड्यावर छटा तपासून पाहावी.